दोनदा पास, दोनदा व्हेटो: समलिंगी लग्नाच्या कायद्यामागे दहा वर्षं लागलेला कॅलिफोर्नियाचा आमदार

२ जून २००५. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. राज्याच्या असेंब्लीत एका विधेयकावर मतदान झालं. बाजूने ३७, विरोधात ३६.

आता तुम्ही म्हणाल, एका मताने का होईना, विधेयक पास झालं. तर नाही. विधेयक पडलं.

कारण कॅलिफोर्नियाचा नियम आपल्यापेक्षा वेगळा आहे. तिथे सभागृहात हजर असलेल्यांचं बहुमत चालत नाही, एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. असेंब्लीत ८० आमदार, म्हणजे ४१ मतं हवीत. जो आमदार मतदानाच्या वेळी गप्प बसतो, त्याचा विरोध नसला तरी त्याचं गप्प बसणं विरोधातच मोजलं जातं. त्या दिवशी गप्प बसलेल्यांनी विधेयक पाडलं. चार मतं कमी पडली.

विधेयक होतं दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना कायदेशीर लग्न करता यावं यासाठी. मांडणारे आमदार होते मार्क लेनो, सॅन फ्रान्सिस्कोचे डेमोक्रॅट, आणि स्वतः उघडपणे गे.

चार मतांनी पडलेलं हे काम लेनो यांनी तीन महिन्यांत पुन्हा सभागृहात आणलं आणि पास करून घेतलं. न्यायालयाचा आदेश नसताना समलिंगी लग्नाला मंजुरी देणारं कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ अमेरिकेतलं पहिलं ठरलं. तरीही कायदा झाला नाही. तो का झाला नाही आणि शेवटी गाडी रुळावर कशी आली, हे समजून घेतलं तर लोकशाहीत एखादा हक्क कुठे कुठे अडकू शकतो ते कळतं.

पाट्यांच्या दुकानापासून विधिमंडळापर्यंत

मार्क लेनो यांचा जन्म १९५१ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातला. घर ज्यू. तरुणपणी त्यांना रॅबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू व्हायचं होतं. न्यूयॉर्कच्या हिब्रू युनियन कॉलेजात त्यांनी दोन वर्षं त्याचं शिक्षणही घेतलं. पुढे १९७० च्या दशकाच्या शेवटी ते सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि दुकानांच्या, ऑफिसांच्या पाट्या बनवण्याचा धंदा सुरू केला. नाव, बजेट साइन्स.

ते आले तेव्हा हे शहर अमेरिकेतल्या गे चळवळीचं केंद्र बनत होतं. १९७७ मध्ये हार्वे मिल्क तिथल्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सवर निवडून आले. बोर्ड ऑफ सुपरवायझर्स म्हणजे साधारण आपली महापालिका. उघडपणे गे असलेला माणूस तिथे निवडून येणं ही तेव्हा मोठी बातमी होती. पण २७ नोव्हेंबर १९७८ ला मिल्क आणि शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी या दोघांचा सिटी हॉलमध्येच गोळ्या घालून खून झाला.

त्यानंतरच्या दशकात एड्सची साथ आली. सॅन फ्रान्सिस्कोने हजारो माणसं गमावली. लेनो यांचे जोडीदार डग्लस जॅक्सन हे त्यांच्याबरोबर धंदाही सांभाळायचे. १९९० मध्ये एड्समुळे त्यांचं निधन झालं. त्या काळात राज्याच्या कायद्यात अशा दोन माणसांच्या नात्याला नावच नव्हतं. वर्षानुवर्षं एका घरात राहिलेला जोडीदार कायद्याच्या लेखी कुणीही नव्हता. अशा जोड्यांची नोंदणी करण्याची राज्य पातळीवरची सोय कॅलिफोर्नियात १९९९ च्या कायद्याने झाली.

१९९८ मध्ये महापौर विली ब्राउन यांनी लेनो यांना बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या रिकाम्या जागेवर नेमलं. २००२ मध्ये त्यांनी असेंब्लीसाठी उमेदवारी मागितली. पक्षांतर्गत निवडणुकीत समोर होते हॅरी ब्रिट, मिल्क यांच्या खुनानंतर त्यांच्या जागी बसलेले नेते. लेनो जिंकले. त्याच वर्षी सांताक्रूझ भागातून जॉन लेअर्ड निवडून आले. उघडपणे गे असलेले कॅलिफोर्निया विधिमंडळातले हे पहिले दोन पुरुष.

पुरुष म्हणायचं कारण असं की बायका त्याआधीच पोचल्या होत्या. शीला क्यूल १९९४ मध्ये निवडून आल्या होत्या. त्यांच्या मागोमाग कॅरोल मिग्डेन, जॅकी गोल्डबर्ग आणि क्रिस्टीन केहो आल्या. जोड्यांच्या नोंदणीचा १९९९ चा कायदा मिग्डेन यांचा. अशा जोड्यांना राज्यातले जवळपास सगळे वैवाहिक हक्क देणारा २००३ चा कायदा गोल्डबर्ग यांचा. लेनो आले तेव्हा पाया भरलेला होता. राहिला होता तो एकच शब्द, लग्न.

मग एका शब्दासाठी एवढं भांडण कशाला?

हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. नोंदणी होते, हॉस्पिटलात जाता येतं, वारसा मिळतो, मग लग्नच कशाला पाहिजे?

पहिलं कारण पैशाचं आणि कागदाचं. अमेरिकेत टॅक्स, पेन्शन, इमिग्रेशन या गोष्टी केंद्र सरकारच्या हातात आहेत. तिथल्या सरकारी लेखा कार्यालयाने २००४ मध्ये मोजलं, तर लग्न झालेलं असण्यावर अवलंबून असलेल्या केंद्रीय कायद्यातल्या तरतुदी निघाल्या १,१३८. राज्याची नोंदणी केलेल्या जोड्यांना यातलं काही लागू होत नव्हतं. त्यात १९९६ चा एक केंद्रीय कायदा होता, जो समलिंगी लग्न मानायलाच तयार नव्हता. म्हणजे राज्याने लग्न मान्य केलं असतं तरी लगेच सगळं मिळालं नसतं. पण राज्यात लग्नच नसेल, तर केंद्राकडे मागायला तोंडच राहत नव्हतं.

दुसरं कारण साधं आहे. नोंदणी म्हणजे काय ते प्रत्येक ठिकाणी समजावून सांगावं लागतं, लग्न म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. आणि सरकार जेव्हा एकाच कामासाठी दोन रांगा लावतं, तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या माणसाला आपली जागा बरोबर कळते.

अडथळा एक: जनतेने आधीच केलेला कायदा

कॅलिफोर्नियात लोक थेट कायदा करू शकतात. ठराविक संख्येने मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, प्रस्ताव मतपत्रिकेवर आणायचा आणि बहुमत मिळालं की कायदा झाला. त्याला प्रपोझिशन म्हणतात. असा कायदा बदलायचा असेल तर विधिमंडळाला परस्पर बदलता येत नाही, पुन्हा लोकांना विचारावं लागतं.

मार्च २००० मध्ये प्रपोझिशन २२ असंच आलं. लग्न फक्त स्त्री आणि पुरुषाचंच ग्राह्य धरलं जाईल, एवढंच त्यात म्हटलं होतं. ६१ टक्क्यांहून जास्त मतांनी ते मंजूर झालं.

मग लेनो विधेयक आणणार कसं? त्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा होता की प्रपोझिशन २२ हे राज्याबाहेर झालेल्या लग्नांपुरतं आहे, कारण कायद्याच्या पुस्तकात ते त्याच विषयाच्या कलमाला लागून घातलं आहे. राज्यात होणाऱ्या लग्नाची व्याख्या वेगळ्या कलमात आहे आणि त्यात स्त्री-पुरुष हे शब्द विधिमंडळानेच १९७७ मध्ये घातले. जे विधिमंडळाने घातलं ते विधिमंडळ काढू शकतं.

विरोधकांना हे पटणं शक्यच नव्हतं. ही पळवाट आहे, लोकांचा कौल डावलला जातोय, असं त्यांचं म्हणणं होतं. हा वाद पुढे प्रत्येक टप्प्यावर आडवा येत राहिला.

फेब्रुवारी २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी थेट सिटी हॉलमधून समलिंगी जोड्यांना लग्नाचे परवाने द्यायला सुरुवात केली. पहिलं लग्न डेल मार्टिन आणि फिलिस लायन या दोघींचं लागलं. या दोघी ५० वर्षांहून जास्त काळ एकत्र राहत होत्या. महिनाभरात सुमारे ४,००० जोड्यांनी लग्नं केली. पण महापौराला असा अधिकारच नाही, असं म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती सगळी लग्नं रद्दबातल ठरवली.

त्याच फेब्रुवारीत लेनो यांनी आपलं पहिलं विधेयक मांडलं. न्याय विषयाच्या समितीत ते मंजूर झालं, पण पुढे खर्चाच्या समितीत अडकलं आणि वर्षअखेर संपलं. महापौराचा शॉर्टकट न्यायालयात टिकला नव्हता. आता उरला होता लांबचा रस्ता, एकेक मत जमवण्याचा.

माशांच्या विधेयकातून आलेला कायदा

२००५ मध्ये लेनो यांनी नवं विधेयक आणलं, एबी १९. सुरुवातीला सांगितलेलं ३७ विरुद्ध ३६ हे मतदान याच विधेयकाचं. ते पडलं, आणि असेंब्लीत त्या वर्षी नवं विधेयक मांडायची मुदतही संपली होती.

मग लेनो यांनी डाव टाकला. त्यांच्याच नावावर एबी ८४९ नावाचं दुसरं विधेयक होतं. त्याचा विषय होता समुद्रातल्या माशांवरचं संशोधन. असेंब्लीतून पुढे सरकून ते सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात पोचलं होतं. लेनो यांनी त्यातला सगळा मजकूर काढला आणि त्या जागी लग्नाच्या विधेयकाचा मजकूर घातला. नंबर तोच, आतला माल वेगळा. कॅलिफोर्नियाच्या राजकारणात ही युक्ती सगळेच पक्ष वापरतात आणि दुसऱ्याने वापरली की सगळेच ओरडतात.

पण युक्तीने विधेयक फक्त टेबलावर येतं. मतं आणावीच लागतात.

विधेयकाच्या नावातच लेनो यांनी दोन गोष्टी एकत्र ठेवल्या होत्या, धर्मस्वातंत्र्य आणि नागरी विवाहाचं संरक्षण. मुद्दा असा की सरकारी लग्न वेगळं, धार्मिक लग्न वेगळं. सरकारने सगळ्यांना एकच परवाना द्यावा. पण कुठल्याही पाद्र्याला, रॅबायला किंवा इतर धर्मगुरूला त्याच्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावायची सक्ती होणार नाही, हे विधेयकातच लिहिलेलं होतं. कधीकाळी रॅबाय व्हायला निघालेल्या माणसाला ही भीती किती खरी आहे याची कल्पना असणारच.

बाहेरून पाठिंबा जमवणंही चालू होतं. शेतमजुरांची संघटना युनायटेड फार्म वर्कर्स विधेयकाच्या मागे उभी राहिली. शेतमजुरांच्या लढ्यातल्या ज्येष्ठ नेत्या दोलोरेस हुएर्ता यांचाही पाठिंबा होता. याला महत्त्व होतं, कारण कुंपणावर बसलेले काही डेमोक्रॅट आमदार लॅटिनो, कॅथलिक, कष्टकरी मतदारसंघांतून आले होते. हा फक्त सॅन फ्रान्सिस्कोचा विषय आहे, असं त्यांच्या मतदारांना वाटत होतं. शेतमजुरांचे नेतेच पाठीशी आहेत म्हटल्यावर त्या आमदारांना आपल्या गावात जाऊन उत्तर देणं सोपं झालं.

१ सप्टेंबर २००५ ला सिनेटने विधेयक २१ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केलं. ४० जणांच्या सिनेटमध्ये बरोबर २१ च लागतात.

६ सप्टेंबरला ते असेंब्लीत परत आलं. जूनमध्ये गप्प बसलेल्यांपैकी काही जणांनी या वेळी बाजूने मत दिलं. त्यात ऑरेंज काउंटीचे टॉम अंबर्ग होते. ऑरेंज काउंटी म्हणजे तेव्हाचा पुराणमतवादी समजला जाणारा भाग. आकडा आला ४१ विरुद्ध ३५. इथेही बरोबर लागतील तेवढीच मतं, एक जास्त नाही. दोन्ही सभागृहांत एकाही रिपब्लिकन आमदाराने बाजूने मत दिलं नाही.

अडथळा दोन: गव्हर्नरची सही

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांतून निवडून येतो आणि राज्याचा कारभार चालवतो. त्याने विधेयकावर सही नाकारली, म्हणजे व्हेटो वापरला, तर तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. असेंब्लीत ५४. लेनो यांच्याकडे ४१ होती.

तेव्हा गव्हर्नर होते अरनॉल्ड श्वार्झनेगर. होय, टर्मिनेटरवाले. पक्ष रिपब्लिकन. २९ सप्टेंबर २००५ ला त्यांनी व्हेटो वापरला. त्यांचं कारण असं की लोकांनी प्रपोझिशन २२ मंजूर केलं आहे, त्याच्या वैधतेचा खटला न्यायालयात चालू आहे, त्यामुळे निर्णय न्यायालय किंवा जनता घेईल. विधिमंडळाने मध्ये पडू नये.

इथे गंमत बघा. समलिंगी लग्नाच्या विरोधकांची तोपर्यंतची मुख्य तक्रार होती की न्यायाधीश लोकांवर आपली मतं लादतात. शेजारच्या नाही, पण देशाच्या दुसऱ्या टोकाच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २००४ मध्ये समलिंगी लग्नं सुरू झाली ती न्यायालयाच्या निकालामुळे, आणि त्यावरून देशभर ओरड झाली होती. असे निर्णय निवडून आलेल्या लोकांनी घ्यावेत, असं म्हटलं जायचं. कॅलिफोर्नियात निवडून आलेल्या लोकांनी निर्णय घेतला, तर उत्तर आलं, न्यायालयाला ठरवू द्या.

२००७ मध्ये लेनो यांनी पुन्हा विधेयक आणलं, एबी ४३. असेंब्लीत ४२ विरुद्ध ३४, सिनेटमध्ये २२ विरुद्ध १५. दोन्हीकडे एकेक मत वाढलं होतं. ऑक्टोबरमध्ये श्वार्झनेगर यांनी पुन्हा व्हेटो वापरला. कारण तेच.

अडथळा तीन: पुन्हा जनता

अखेर न्यायालयाने ठरवलं. १५ मे २००८ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की समलिंगी जोड्यांना लग्न नाकारणं राज्याच्या घटनेविरुद्ध आहे. प्रपोझिशन २२ रद्द झालं. निकाल लिहिणारे मुख्य न्यायमूर्ती रोनाल्ड जॉर्ज यांना रिपब्लिकन गव्हर्नरने त्या पदावर नेमलं होतं. जूनमध्ये लग्नं सुरू झाली. डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांनी पुन्हा लग्न केलं. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये मार्टिन गेल्या.

पण विरोधकांनी आधीच सह्या गोळा केल्या होत्या. या वेळी साध्या कायद्यासाठी नाही, तर राज्याची घटनाच बदलण्यासाठी. हा फरक महत्त्वाचा आहे. साधा कायदा घटनेच्या विरोधात असेल तर न्यायालय तो रद्द करू शकतं. पण घटनेतच लिहिलं की लग्न फक्त स्त्री-पुरुषाचं, तर राज्याच्या न्यायालयाचे हात बांधले जातात, आणि विधिमंडळाचेही.

४ नोव्हेंबर २००८ ला बराक ओबामा यांनी कॅलिफोर्निया मोठ्या फरकाने जिंकलं. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी प्रपोझिशन ८ हा घटनाबदल सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर केला. लग्नं थांबली. तोपर्यंत सुमारे १८,००० जोड्यांची लग्नं झाली होती. २००९ मध्ये न्यायालयाने ती वैध ठेवली, पण घटनाबदलही कायम ठेवला.

लेनो त्याच निवडणुकीत सिनेटवर गेले होते. विद्यमान सिनेटर कॅरोल मिग्डेन यांना, म्हणजे नोंदणीचा कायदा करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्याला, त्यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत हरवलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गे-लेस्बियन मतदारांसाठी ही घरातलीच लढत होती आणि ती कडवट झाली.

दार बंद झाल्यावर आमदार काय करतो?

इथून पुढचा भाग बातम्यांत कमी आला, पण आमदाराचं खरं काम इथे दिसतं.

लग्नाचं दार घटनेने बंद केलं होतं. लेनो यांनी खिडक्या शोधल्या. २००९ मध्ये त्यांनी एसबी ५४ आणलं. प्रपोझिशन ८ लागू होण्याआधी दुसऱ्या राज्यात किंवा देशात लग्न केलेल्या समलिंगी जोड्यांचं लग्न कॅलिफोर्नियाने मानावं आणि नंतर केलेल्यांना निदान लग्नाचे हक्क तरी द्यावेत, एवढंच त्यात होतं. त्यावर सही केली ती दोनदा व्हेटो वापरणाऱ्या श्वार्झनेगर यांनीच.

त्याच महिन्यात आणखी एका विधेयकावर सही झाली. हार्वे मिल्क यांचा जन्मदिवस, २२ मे, राज्यात विशेष दिवस म्हणून पाळण्याचं ते विधेयक होतं. तेही लेनो यांचंच, आणि आदल्या वर्षी तेही श्वार्झनेगर यांनीच परत पाठवलं होतं.

२०११ मध्ये शाळेच्या इतिहासात गे, लेस्बियन, ट्रान्सजेंडर लोकांच्या योगदानाचा समावेश करणारा कायदा झाला. तोपर्यंत गव्हर्नर जेरी ब्राउन होते. २०१२ मध्ये कुठल्याही धर्मगुरूवर श्रद्धेविरुद्ध लग्न लावायची सक्ती होणार नाही, हा जुना मुद्दा लेनो यांनी वेगळा कायदा करून घेतला. लग्नाचा हक्क अजून मिळालेला नव्हता, पण समोरच्याला दिलेला शब्द आधीच कायद्यात बसवला.

दरम्यान लग्नाचा खटला केंद्रीय न्यायालयात गेला. २०१० मध्ये न्यायाधीश वॉन वॉकर यांनी प्रपोझिशन ८ हे अमेरिकेच्या राज्यघटनेविरुद्ध ठरवलं. अपिलात बचावाला राज्य सरकार उभंच राहिलं नाही. मूळ प्रस्ताव आणणारे लोक अपिलात गेले. २६ जून २०१३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या लोकांना असं अपील करण्याचा अधिकार नाही. म्हणजे वॉकर यांचा निकाल कायम. दोन दिवसांत कॅलिफोर्नियात लग्नं पुन्हा सुरू झाली. २६ जून २०१५ ला त्याच न्यायालयाच्या निकालाने समलिंगी लग्न देशभर कायदेशीर झालं.

२०१३ नंतर कॅलिफोर्नियात लग्नं होत होती, पण कायद्याच्या पुस्तकात लग्नाची व्याख्या अजूनही स्त्री आणि पुरुष अशीच होती. ती दुरुस्ती करणारं विधेयक २०१४ मध्ये आलं, एसबी १३०६. नवरा आणि बायको या शब्दांच्या जागी जोडीदार हा शब्द आला. विधेयक कुणाचं, हे सांगायला नको. जुलै २०१४ मध्ये ब्राउन यांनी सही केली. १९७७ मध्ये विधिमंडळाने घातलेले शब्द विधिमंडळानेच काढले. लेनो यांचं पहिलं विधेयक येऊन दहा वर्षं झाली होती.

त्यांना फक्त याच कामासाठी ओळखायचं का?

तसं नाही. चोरीला गेलेला स्मार्टफोन लांबूनच निकामी करता यावा, ही सोय फोनमध्ये सक्तीची करणारा २०१४ चा कायदा लेनो यांचा. पोलिसांना तुमचे ईमेल किंवा मोबाइलचं लोकेशन हवं असेल तर आधी न्यायालयाचं वॉरंट लागेल, हा २०१५ चा कायदा त्यांचाच. राज्यातलं किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलरवर नेणारा २०१६ चा कायदाही त्यांच्या नावावर आहे.

मुदतीची मर्यादा संपल्यामुळे २०१६ मध्ये त्यांना सिनेट सोडावं लागलं. २०१८ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदासाठी उभे राहिले. जिंकले असते तर शहराचे पहिले उघडपणे गे महापौर झाले असते. अटीतटीच्या लढतीत लंडन ब्रीड जिंकल्या.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली होती. प्रपोझिशन ८ चे शब्द निष्प्रभ होऊनही राज्याच्या घटनेत पडून होते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढून घेतला आणि त्या निकालात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी समलिंगी लग्नाच्या निकालाचाही फेरविचार व्हावा असं लिहिलं. तेव्हा अनेकांना त्या शब्दांची भीती वाटू लागली. उद्या वरचा निकाल फिरला तर खालचे झोपलेले शब्द जागे होतील. म्हणून विधिमंडळाने प्रपोझिशन ३ लोकांपुढे ठेवलं. ते मांडणाऱ्यांत सिनेटर स्कॉट वीनर होते. लेनो यांच्या जागेवर निवडून आलेले, तेही उघडपणे गे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ६२ टक्के मतदारांनी ते मंजूर केलं. २००० मध्ये जवळपास एवढ्याच टक्क्यांनी लोकांनी नाही म्हटलं होतं.

आणि आपल्याकडे?

भारतात हीच टोलवाटोलवी वेगळ्या क्रमाने चालू आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचं एकमत होतं. कायदा करायचा तर तो संसदेने करावा, असं त्या निकालाचं म्हणणं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

म्हणजे आपल्याकडे चेंडू कायदा करणाऱ्यांच्या कोर्टात आहे. तिथे एक प्रयत्न झालाही आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी जोड्यांना लग्नाचा हक्क द्यावा, अशी त्यात मागणी होती. पण १९७० नंतर आपल्या संसदेत एकही खासगी विधेयक कायद्यात रूपांतरित झालेलं नाही. सरकारने मनावर घेतल्याशिवाय हे पुढे सरकणं अवघड.

लेनो यांच्या विधेयकांनी थेट एकही लग्न लावलं नाही, हेही खरं. कॅलिफोर्नियातली लग्नं सुरू झाली ती न्यायालयाच्या निकालांनी. मग त्या ४१ मतांचा उपयोग काय?

उपयोग हा की २००५ नंतर कुणालाही म्हणता आलं नाही की हा फक्त न्यायाधीशांचा हट्ट आहे. आपल्या मतदारांना तोंड द्यावं लागणाऱ्या ४१ आणि २१ माणसांनी नावानिशी हात वर केला होता, आणि पुढच्या निवडणुकीत आकाश कोसळलं नव्हतं. २००९ मध्ये व्हरमाँट राज्याच्या विधिमंडळाने न्यायालयाच्या आदेशाशिवाय समलिंगी लग्नाचा कायदा केला. तिथेही गव्हर्नरने व्हेटो वापरला होता. तो मोडायला खालच्या सभागृहात १०० मतं हवी होती. मिळाली बरोबर १००.